गोरज वेळेचा उजेड

(सीफ, बहरीन येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा धंदा लग्नाचे फोटो काढण्याचा आहे, भाषण करण्याचा नाही. समितीनं मला सांगितलं की संध्याकाळच्या नैसर्गिक उजेडात लग्नाचे फोटो कसे काढतात ते अर्धा तास सांगा, मुलांकडे चांगले कॅमेरे आहेत, त्यांना उपयोग होईल. ते मी सांगणार आहेच. पण त्या निमित्तानं आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती मला तुमच्यातल्याच एका आजींमुळे कळली. मी जरा सावकाश बोलेन. तुमच्यापैकी काहींच्या घरात आता क्रिओल जास्त बोलली जाते, आणि माझं मराठी कोकणी वळणाचं आहे, म्हणून.

आपल्या पूर्वजांनी लग्नासाठी संध्याकाळची एक खास वेळ राखून ठेवली होती. गोरज मुहूर्त. गाई रानातून परत येतात, त्यांच्या खुरांची धूळ उडते आणि त्या धुळीतून मावळतीचं ऊन येतं, ती वेळ. पंचांगात दुसरा चांगला मुहूर्त सापडला नाही तर गोरज मुहूर्तावर लग्न लावावं, असं जुनी माणसं सांगत. पूर्वी लग्नघरात घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं.

आता फोटोवाल्याचं गणित ऐका. सूर्य बुडाल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत आकाशात जो उजेड उरतो, त्यात माणसाचा चेहरा दिव्याशिवाय नीट दिसतो. आपण जिथं बसलो आहोत तिथं, म्हणजे साधारण २६ अंश उत्तर अक्षांशावर, हा उजेड किती वेळ टिकतो? तेवीस ते सव्वीस मिनिटं. जवळजवळ बरोबर एक घटका. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला हसू आलं. मी मोबाईलवर जे बघतो ते भटजीबुवा वाटीत बघत होते.

इंग्रजी पुस्तकांत ‘गोल्डन अवर’ असा शब्द असतो. तो वाचून नवी मुलं समजतात की आपल्याकडे तासभर वेळ आहे. तसं नसतं. ती पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेत लिहिलेली. तिकडे सूर्य तिरका, आळसावल्यासारखा उतरतो. लंडनमध्ये शेवटचे सहा अंश उतरायला त्याला चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. इथं बहरीनला अर्धा तासही पुरता नाही. मॉरिशसला त्याहून थोडा कमी, कारण तुम्ही विषुववृत्ताच्या आणखी जवळ आहात. तेव्हा नवरा-नवरी, दोन्हीकडचे आई-वडील, मामा, करवल्या, सगळ्यांचे मिळून तुमच्याकडे फार तर पन्नास मिनिटं असतात. अर्धी सूर्य बुडायच्या आधीची आणि अर्धी नंतरची. त्यात मामा कुठं गेले म्हणून दहा मिनिटं जातात.

सीफ या शब्दाचा अरबीत अर्थ किनारा. पण आज आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत तिचा मोठा भाग समुद्रात भर घालून तयार केलेला आहे. या किनाऱ्याला समुद्र उत्तरेकडे आहे. म्हणून कोकणातल्यासारखा किंवा तुमच्या फ्लिक-अँ-फ्लाकसारखा सूर्य सरळ समोरच्या पाण्यात बुडेल अशी अपेक्षा धरून आलात तर फसाल. इथून पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की थोड्या अंतरावर बहरीनचा जुना किल्ला आहे. तोच ज्याची २००५ साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. डिसेंबरात सूर्य किल्ल्याच्या डाव्या बाजूला, जमिनीकडे उतरतो, आणि वेळ असते पावणेपाचच्या सुमाराची. जूनमध्ये तो उजवीकडे सरकून पाण्याच्या बाजूला बुडतो, साडेसहाला. म्हणजे एकाच जागेवर उन्हाळ्यातल्या लग्नाचा आणि हिवाळ्यातल्या लग्नाचा फोटो वेगवेगळ्या दिशेला तोंड करून काढावा लागतो. म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळेला जागेवर जाऊन उभं राहायचं. मोबाईलमधला नकाशा दिशा दाखवतो, पण मध्ये नवी इमारत उभी आहे हे दाखवत नाही.

इमारतींचं इथं दुसरंही एक काम आहे. सीफमधले काचेचे टॉवर मावळतीला पेटल्यासारखे दिसतात. नवरा-नवरीची पाठ सूर्याकडे असेल तर समोरच्या काचेवरून परत आलेला उजेड त्यांच्या तोंडावर पडतो. तो मऊ असतो, आणि त्यासाठी कुणाला पांढरा थर्माकोल धरून उभं करावं लागत नाही. पाच-सात मिनिटंच मिळतो. मी अशा दोन-तीन जागा हेरून ठेवल्या आहेत. त्या आज सांगणार नाही, एवढा धंदा मला राहू द्या.

आणि इथलं घड्याळ. मगरीबची अजान सूर्यास्ताला होते. पण बहरीनमध्ये सुन्नी आहेत तसे शियाही आहेत, आणि शिया पंथात मगरीबची वेळ पूर्वेकडची लाली गेल्यावर धरतात. त्यामुळे पहिल्या अजानेनंतर साधारण दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्या मशिदींतून अजान ऐकू येते. फोटोवाल्याला याहून चांगलं घड्याळ कुठं मिळणार? पहिली अजान झाली की सोनेरी ऊन संपलं. मग पूर्वेला गुलाबी पट्टा चढतो, खाली निळसर करडी सावली दिसते. ती सावली पृथ्वीची स्वतःचीच असते. त्या वेळी नवरीला पश्चिमेकडे तोंड करून उभं करा. सगळं आकाश म्हणजे एक मोठा कंदील होतो, चेहऱ्यावर कुठंही कडक सावली राहत नाही. मुंडावळ्यांचे मोती एरवी गालावर काळ्या रेघा पाडतात, त्याही या वेळी पडत नाहीत. दुसरी अजान ऐकू आली की समजायचं, हातात आता दहा-बारा मिनिटं आहेत. अजान चालू असताना मी कॅमेरा खाली ठेवतो. कुणी सांगितलेलं नाही, पण ज्यांच्या गावात राहतो त्यांच्या वेळेला मान द्यावा. किनाऱ्यावर फिरायला आलेली स्थानिक कुटुंबंही आपल्या फोटोत येऊ द्यायची नाहीत. मागं कुणी बसलं असेल तर आपणच जागा बदलायची.

आता आजींची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी इथंच सीफमधल्या एका हॉटेलात लग्न होतं. नवरी मॉरिशसच्या मराठी घरातली, इथं नोकरीला असलेली. नवरा चिपळूणकडचा. गोरज मुहूर्त धरला होता, डिसेंबरचे दिवस. नवरीच्या आजी मॉरिशसहून आल्या होत्या. लग्नाच्या आधी त्यांनी मला खोलीवर बोलावलं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या दप्तरातून मिळवलेली ती प्रत होती. वर एक नंबर, खाली नाव, बापाचं नाव, गाव, आणि छातीपर्यंतचा एका माणसाचा फोटो. आजींच्या आजोबांचे वडील. आजी म्हणाल्या, “बाळा, नातीचा एक फोटो ह्यांच्यासंगं काढ. ह्यांच्या लग्नाचा फोटो नाही. कुणाच्याच नाही त्या वेळच्या.”

खरं सांगतो, मला तेव्हा ते नीट कळलं नाही. लग्नाच्या गडबडीत हा झेरॉक्स कुठं धरायचा, असं मनात आलं. हो म्हटलं आणि पुढं गेलो. त्यातून मुहूर्ताला उशीर झाला, कारण जानवसा आणि हॉल यांच्यामध्ये रस्त्यावर गाड्या अडकल्या होत्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा बाहेर पहिली अजान होऊन गेली होती. मी दोघांना घाईघाईनं गच्चीवर नेलं. कॅमेरा थंड हॉलमधून बाहेरच्या दमट हवेत आणला आणि काचेवर धुकं बसलं. ही इथली नेहमीची कटकट आहे. कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर न्यायचा, वीस-पंचवीस मिनिटं तसाच ठेवायचा, आणि मग उघडायचा. मला माहीत होतं, तरी त्या दिवशी चुकलो. पुसण्यात वेळ गेला. शेवटी फ्लॅश लावून फोटो काढले. आजींचा कागद त्यांच्या पिशवीतच राहिला.

यापुढची चूक जास्त मोठी. फ्लॅशनं चेहरे चपटे आले होते. ते सावरायला मी कॉम्प्युटरवर बसलो आणि सवयीनं नवरीचा रंग उजळ केला. आमच्या धंद्यात हे इतकं नेहमीचं आहे की त्याला कुणी चूक म्हणत नाही. गिऱ्हाईक मागतं, नाही मागितलं तरी आम्ही करतो. अल्बम तयार झाला, सगळ्यांना आवडला. आजी परत जाण्याआधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, आणि विचारलं, “ही कोण?”

मी म्हटलं, आजी, तुमची नात.

त्या म्हणाल्या, “आमच्या घरात असा रंग कुणाचा नाही.” रागावल्या नव्हत्या. अल्बम मिटून मांडीवर ठेवला आणि पिशवीतला तो कागद पुन्हा काढला. “हे बघ. हे आमचे.”

त्या दिवशी तो फोटो मी पहिल्यांदा नीट बघितला. फार काळा होता. डोळे आणि दाढीचे पांढरे केस एवढंच उठून दिसत होतं. बाकी चेहरा जवळजवळ सपाट काळा. आणि फोटोवाला म्हणून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की हा माणूस खरंच एवढा काळा होता का?

मंडळी, त्याचं उत्तर तुम्हाला माहीत असायला हवं. कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असाच एखादा कागद आहे, किंवा उद्या मोकाला जाऊन तुम्ही तो काढणार आहात.

१८३४ पासून पुढच्या आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं करारावर मॉरिशसला गेली. कलकत्त्याहून, मद्रासहून, आणि आपल्या मुंबई बंदरातून. रत्नागिरीकडची, घाटावरची, सगळी. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या सोळा पायऱ्या तुम्ही लहानपणापासून बघत आला आहात, त्या मी तुम्हाला काय सांगणार. पण फोटोची गोष्ट मागाहूनची आहे. करार संपलेल्या माणसांना, ज्यांना तिथं ‘जुने प्रवासी’ म्हणत, त्यांना १८६७ च्या कायद्यानं फोटो चिकटवलेला परवाना जवळ बाळगणं सक्तीचं झालं. पोलीस कुठंही अडवून तो मागू शकत. जवळ नसला की भटका म्हणून पकडायचं. बाजारला निघालेला, पाहुण्याकडे निघालेला माणूस त्या एका फोटोसाठी कोठडीत जाई. याविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसाच्या मदतीनं जुन्या प्रवाशांनी अर्ज केला. त्यावर ९४०१ जणांच्या सह्या होत्या. बहुतेक अंगठे नाहीतर फुल्या असणार. त्यानंतर विलायतेहून चौकशी आयोग आला आणि १८७५ साली त्याचा अहवाल निघाला.

तर आजींच्या पणजोबांचा तो फोटो असा होता. ज्याच्याशी तुम्हाला ओळख सांगायची आहे तो चेहरा आणि पोलिसाला दाखवायचा चेहरा, एकच.

आता त्या काळ्या रंगाबद्दल. त्या वेळी फोटो काढत ते ओल्या कोलोडियनच्या काचेवर. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं ती रीत जाहीर केली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली आहे तोवर फोटो काढून धुवायची. आपल्या मुंबईतही ही विद्या लवकर आली. १८५४ मध्ये तिथं फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. पण या काचेचा एक दोष होता. तिला फक्त निळा आणि जांभळा उजेड दिसायचा. पिवळा आणि लाल तिला जवळजवळ दिसतच नसे. निळं आकाश पांढरं फटक यायचं, आणि लाल लुगडं काळं.

आपल्या कातडीचा रंग कशाचा बनला आहे? तांबूस आणि पिवळसर. म्हणजे त्या काचेपुढं गव्हाळ माणूस बसला तरी तो सावळा दिसायचा, आणि सावळा बसला तर काळा. उसाच्या शेतात उन्हानं रापलेला माणूस तर विचारूच नका. कपाळाचं कुंकू काळा डाग व्हायचं. हळदीचं अंग घेऊन एखादी नवरी त्या काचेपुढं बसली असती तर तिची हळद काळी दिसली असती.

आणि संध्याकाळ? गोरज वेळेचं ऊन लाल-पिवळं असतं. त्या काचेनं संध्याकाळचा माणूस पकडणं अवघड गेलं असतं. कचेरीतले फोटो भर दिवसाच्या उजेडात काढलेले, काही सेकंद हलू नको म्हणून बसवलेले. म्हणून कुणी हसलेलं दिसत नाही. हसायला कारण नव्हतं हे आहेच, पण कारण असतं तरी हसू टिकवता आलं नसतं.

तेव्हा घरी गेल्यावर तो कागद बघाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. तुमचे खापरपणजोबा त्या फोटोत दिसतात तेवढे काळे नव्हते. काचेनं त्यांना तसं केलं. आणि मी काय केलं? दीडशे वर्षांनी त्यांच्या वंशातल्या नवरीला कॉम्प्युटरवर गोरी केली. आजींनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले होते, आणि ही दोन माणसं एका घरातली आहेत असं कुणी म्हणालं नसतं.

मी आजींना म्हटलं, मला एक संध्याकाळ द्या. त्यांचं विमान परवा होतं. नवरा-नवरीनं सुट्टी काढली, पुन्हा शालू आणि मुंडावळ्या चढवल्या. लोक बघत होते, पण त्याचं काय. आम्ही चारला किनाऱ्यावर गेलो. या वेळी कॅमेरा पिशवीत आधीच बाहेर आणून ठेवला होता.

मुलांनो, आता तुमच्या कामाचं. तेव्हा मी जे केलं तेच आता नेहमी करतो.

कॅमेऱ्यात रंगाचा समतोल आपोआपवर ठेवू नका. आपोआप ठेवला तर कॅमेरा संध्याकाळचा पिवळेपणा म्हणजे दोष समजतो आणि तो काढून टाकतो. मग गोरज वेळेत उभं राहून काय मिळवलं? ५२०० ते ५५०० केल्विनच्या मध्ये कुठंतरी पक्का करून ठेवा, दुपारच्या उन्हासाठी ठेवतात तसा. दुसरं, उजेडाचं माप कपड्यांवरून घेऊ नका, गालावरून घ्या. आपल्या नवऱ्यामुलाचा सदरा पांढरा, उपरणं पांढरं. कॅमेरा पांढरं बघून घाबरतो आणि चेहरा अंधारात ढकलतो. उलट नवरीचा गडद हिरवा किंवा जांभळा शालू बघून तो चेहरा जास्त उजळतो. दोघं शेजारी उभी असली की त्याचा गोंधळच. म्हणून माप स्वतः ठरवायचं आणि कुलूप लावायचं.

भिंग मी पंच्याऐंशीचं वापरतो. लांबून फोटो निघतो, माणसं मोकळी राहतात. सूर्य वर असताना संवेदनशीलता दोनशे-चारशेवर चालते. अजानेनंतर दर चार-पाच मिनिटांनी ती वाढवत जावी लागते, सोळाशेपर्यंत, कधी आणखी वर. थोडे दाणे दिसले तर दिसू द्या. दाणे दिसल्यामुळे कुणी कधी लग्न मोडलेलं नाही. अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर ते काम सूर्य बुडायच्या आधी उरका. नंतर त्यांच्या पांढऱ्या रेघा येतात. मला त्या रेघाच आवडतात, पण नवरीच्या आईला आवडतील याची खात्री नाही.

उन्हाळ्यात इथं शमाल वारा सुटतो, वायव्येकडून, धूळ घेऊन. अशा दिवशी सूर्य क्षितिजाला पोचायच्या आधीच धुळीत विरघळतो. वेळापत्रकातली शेवटची दहा-पंधरा मिनिटं गेली असं धरूनच चाला. पण त्या आधी जे मिळतं ते फार सुंदर असतं. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येईल इतका तो मऊ होतो, सगळी हवा पिवळी. धुळीतून येणारं ऊन. गाई नाहीत एवढंच. नंतर कॅमेरा साफ करायला मात्र अर्धा दिवस ठेवा.

आणि रंगाला हात लावू नका. डाग, पुरळ, झोप न झालेले डोळे, ते जरूर सावरा. ते आज आहे, उद्या नाही. पण जो रंग आईचा आहे, आजीचा आहे, तो तुमच्या मालकीचा नाही. गिऱ्हाईकानं मागितलं तर? मी एक करतो. दोन प्रती काढतो, एक जशीच्या तशी आणि एक उजळलेली. दोन्ही घरच्या मोठ्या बाईच्या हातात देतो आणि गप्प बसतो. कधी उजळलेली निवडतात. मग तीच देतो, माझंही पोट आहे. पण जशी आहे तशी निवडणारी घरं मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघाली.

आजींच्या त्या संध्याकाळचं राहिलं. पहिली अजान झाल्यावर नातीला किल्ल्याच्या दिशेला तोंड करून बसवलं. आजी शेजारी खुर्चीवर. तो कागद आजींनी स्वतःच्या हातात धरला, आधी मांडीवर ठेवला होता पण वाऱ्यानं उडत होता. मावळतीच्या त्या तांबूस उजेडात कागदसुद्धा पिवळा दिसायला लागला, आणि त्यातला माणूस थोडा कमी काळा. हा माझ्या डोळ्यांचा खेळ असेल, छापलेली शाई काही बदलत नाही. नात कागदाकडे बघत होती. मी सात-आठ फोटो काढले. आजींनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितले, दोन बोटांनी नातीचा चेहरा मोठा केला, मग कागदातला मोठा करायचा प्रयत्न केला. “नाक बघ,” म्हणाल्या. “नाक तेच.”

तोवर नाकाकडे माझं लक्षच नव्हतं.

मग बोलता बोलता त्यांनी आणखी एक सांगितलं, ते तुमच्यातल्या मोठ्यांना ठाऊक असेल. तिथं सुरुवातीच्या काळात नुसतं आपल्या रीतीनं लागलेलं लग्न सरकारी दप्तरात लग्न धरत नसत. सिव्हिलमध्ये नोंद केली तरच. ती न करणाऱ्यांची पोरं कागदावर अनौरस ठरत, बापाच्या मिळकतीला हरकत निघे. आजींच्या घरात मांडव पडला होता, हळद लागली होती, झाकरी नाचले होते, सगळ्या वाडीनं जेवण केलं होतं, आणि कागद म्हणत होता की यांचं लग्न झालेलं नाही. एका कागदावर नंबरासकट फोटो आणि दुसऱ्या कागदावर लग्नच नाही. म्हणून त्या नातीच्या लग्नाच्या फोटोसाठी एवढ्या हट्टाला पेटल्या होत्या. मला ते गच्चीवर धुकं पुसताना कळायला हवं होतं.

तो फोटो आता त्यांच्या घरात लावला आहे असं नात सांगते. देवघराच्या भिंतीवर नको म्हणाल्या, तिथं गेलेल्यांचे असतात. दारासमोर लावला आहे.

माझी वेळ संपत आली आहे, अध्यक्ष घड्याळ बघत आहेत. शेवटी उद्याच्या कार्यक्रमाची सूचना. समितीनं ठरवल्याप्रमाणे उद्या आपण सगळ्या कुटुंबांचे फोटो किनाऱ्यावर काढणार आहोत. सूर्यास्त पावणेपाचच्या सुमाराला आहे, म्हणून बरोबर चार वाजता जागेवर या. पाचला नाही, चारला. ज्यांची लग्नं यंदा झाली आहेत त्यांनी मुंडावळ्या आणाव्यात. ज्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आहेत त्यांनीही आणाव्यात, आणि त्यांचे फोटो आधी काढू, कारण उजेड तेव्हा सगळ्यात चांगला असेल आणि त्यांना नंतर गार वारा सोसणार नाही. खुर्च्यांची सोय आहे. वारा असतो, डोक्यावरून पदर घेणार असाल तर पिन लावा. ज्यांच्याकडे मोकाचे कागद आहेत त्यांनी ते पुठ्ठ्यावर चिकटवून आणा, म्हणजे उडणार नाहीत. आणि ज्यांच्याकडे फोटो नसून फक्त नंबर आहे, त्यांनी तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून आणा. तोही हातात धरू.

फ्लॅश कुणी आणू नये.